तेरावा फर्मा

तहानी : तुम्ही ऐकत नाही आहात, काका! अम्म बहगत, तुम्ही खळ ढवळताय.

बहगत : खळ हातानं ढवळतात, डॉक्टर. कान मोकळे आहेत.

तहानी : मग सांगा, मी आत्ता काय वाचलं?

बहगत : तिसऱ्या खंडातल्या उडत्या जनावराला शिव्या दिल्यास.

तहानी : ते दोन पानं मागे. आणि शिव्या नाहीत त्या, मत आहे. ‘खारट अंधार’ ही कादंबरी म्हणजे काय चीज आहे! माणसं दिव्यात तेलाऐवजी स्वतःच्या आठवणी जाळतात. एक दिवा लावला की आईचा आवाज गेला, दुसरा लावला की घराचा रस्ता गेला. अशा गोष्टीत पंखवालं जनावर कशाला हवं? दीडशे पानं ते नुसतं उडतंय आणि शेवटी कुणाच्या काही कामाला न येता मरतंय.

बहगत : तिसरा खंड सगळ्यात जास्त खपला पण.

तहानी : म्हणून तर चीड येते! परवा एक पोरगा औषधं घ्यायला आला, माझ्या टेबलावर पहिला खंड बघून म्हणतो, ‘बाई, यात पहिली चाळीस पानं नुसता चिखलच आहे, लढाई कधी सुरू होते?’ अरे, तो चिखल हीच लढाई आहे! त्याला मी खोकल्याचं औषध दिलं आणि म्हटलं, चमचा मोठा घे.

बहगत : आणि हे सगळं प्रस्तावनेत लिहिलंयस? उस्ताझ रुश्दींसारख्या मेलेल्या लेखकाच्या पुस्तकाला? त्याची बायको छापेल?

तहानी : मादाम सौसननीच सांगितलं. ‘तहानी, स्तुती करणारे ढिगानं आहेत, तू खरं लिही.’ सातही खंड, पक्की बांधणी, आपल्या देशात पहिल्यांदाच रीतसर छापले जाणार. साडेपाचला त्यांचा माणूस माझ्या औषधांच्या दुकानात येईल, सहाच्या गाडीनं कैरोला जाईल आणि उद्या सकाळी छपाई. आत्ता वाजलेत साडेतीन. एकोणीस वर्षांची असताना मी पहिला खंड तुमच्या या पुस्तकांच्या दुकानातून, याच फळीवरून उचलला. म्हणून म्हटलं, पहिल्यांदा तुम्हालाच वाचून दाखवावं, तर तुमचं लक्ष खळीत.

बहगत : बरं बाई, झाकला डबा. वाच.

तहानी : आता चौथ्या खंडाचं. ही माझी मुख्य जागा. नीट ऐका.

बहगत : चौथ्याचं कशाला? पाचव्यातल्या लग्नाचं वाच की. तिथे तू हसवतेस.

तहानी : पाचव्यातलं लग्न हा पुस्तकाला लागलेला रोग आहे. ऐका. ‘चौथ्या खंडात सर्हान नावाडी जखमी वहीबाला उचलून खोलीत नेतो आणि दार लावून घेतो. त्यानंतरचं वाक्य आहे : सकाळी त्याने होडी धुतली. मधे काहीही नाही. वहीबाचं मरण लेखकानं आपल्याला दाखवलेलंच नाही. ज्या बाईवर आपण तीन खंड जीव लावला, तिच्यासाठी त्यानं एक ओळसुद्धा खर्चली नाही. आपल्या भाषेत असलं धाडस मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.’

बहगत : हं.

तहानी : ‘हं’ काय? पुढे ऐका. ‘या खंडाच्या पानांना आकडेही नाहीत. त्या दलदलीत कुणालाच अंतर मोजता येत नाही, मग वाचकाला का यावं?’

बहगत : आकड्यांचंही लिहिलंस?

तहानी : का? हे निरीक्षण माझ्याशिवाय कुणीच केलेलं नाही.

बहगत : कसं करणार! डॉक्टर, हे छापायच्या आधी तू ती नवी छपाईची पानं पाहिलीस का?

तहानी : मादाम पाठवणार होत्या. मी म्हटलं, कशाला? मला सातही खंड पाठ आहेत.

बहगत : म्हटलंस तसं?

तहानी : आहेतच पाठ. कुठूनही विचारा.

बहगत : मी नाही विचारत. तू बस. त्या खोक्यावर बस, तो रिकामा आहे.

तहानी : मला बसायला वेळ नाही. तुमचा चेहरा असा का झालाय? साखर उतरली का? माझ्याकडे गोळ्या आहेत.

बहगत : साखर ठीक आहे. त्यांचं नवं पुस्तक कशावरून जुळवलंय? उस्ताझ रुश्दींच्या हस्तलिखितावरून?

तहानी : हस्तलिखित आणि बैरूतची पहिली आवृत्ती. मादामच्या घरातली. का?

बहगत : मग त्यात ते असेल.

तहानी : काय असेल?

बहगत : वहीबाचं मरण. सोळा पानं आहेत. एकशे त्र्याण्णव ते दोनशे आठ.

तहानी : थट्टा करू नका. आज नको.

बहगत : मी तुझ्याशी वीस वर्षांत एकदा तरी चौथ्या खंडाची थट्टा केली का? तू तो विषय काढलास की मी चहा आणायला जायचो. आठव.

तहानी : तुम्ही चहा आणायला जायचात कारण तुम्हाला चहा प्रिय आहे!

बहगत : तेही आहे. ऐक आता, मधे बोलू नकोस, नाहीतर मला पुन्हा धीर होणार नाही. बैरूतच्या चौथ्या खंडाच्या तेव्हा या रस्त्यावर तीनच प्रती आल्या. किंमत अशी की, लांबूनच बघावा. मी एक प्रत उधार घेतली, एका छापखान्यात तिचे फोटो काढून फर्मे छापून घेतले. सहाशे प्रती. सोळा पानांचा एक फर्मा, एकूण एकवीस फर्मे.

तहानी : चोरून छापलंत हे सगळ्या शहराला माहीत आहे. पुढे.

बहगत : जुळणी घरी करायचो. जेवणाच्या टेबलाभोवती क्रमानं गठ्ठे ठेवायचे. मी, बायको आणि मेहुणी गोल फिरायचो, प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक उचलायचा, फेरी पूर्ण झाली की एक पुस्तक. टेबलावर बारा गठ्ठे मावले. तेरावा ठेवला खुर्चीवर. चौदापासून पुढचे कोचावर.

तहानी : अम्म बहगत...

बहगत : बोलू नकोस म्हटलं ना. दुपारी मेहुणीच्या सासरची माणसं आली. बसायला खुर्ची हवी. कुणीतरी तो गठ्ठा उचलला आणि पलंगाखाली सरकवला. पाहुणे गेले, आम्ही परत फिरायला लागलो. टेबल संपलं की कोच. बारा, चौदा. बारा, चौदा. सहाशे वेळा.

तहानी : फर्म्यावर आकडा असतो. पहिल्या पानाच्या खाली, बारीक. तुम्हीच मला दाखवलाय.

बहगत : असतो. तिघंही थकलेले, मेहुणीला तर वाचताही येत नाही. तीन आठवड्यांनी बायको पलंगाखालची पेटी काढायला गेली, तर हा गठ्ठा. तोवर सहाशेच्या सहाशे शिवून झालेल्या. कटिंग तेवढं राहिलं होतं.

तहानी : आणि तुम्ही उसवल्या नाहीत.

बहगत : सहाशे? मी उघडून पाहिलं, जोड कसा बसतोय. एकशे ब्याण्णव संपतं ‘दार लावून घेतलं’वर. दोनशे नऊ सुरू होतं ‘सकाळी त्याने होडी धुतली’नं. वल्लाही, मी अर्धा तास ते जोडून बघत होतो. आडवं येणारं एकच होतं, पानांचे आकडे. म्हणून कटिंगला खालून बोटभर जास्त घेतलं.

तहानी : म्हणजे दलदलीतलं अंतर...

बहगत : कापून टाकलं मी. माझ्याच हातानं.

तहानी : इंटरनेटवर जी प्रत फिरते, तिच्यातही आकडे नाहीत. अर्ध्या जगानं तीच वाचलीय. वाचक मंडळातले सगळे माझ्याशी सहमत आहेत, वीस वर्षं!

बहगत : तिच्या पहिल्या पानावर चहाचा गोल डाग आहे बघ. तो माझ्या पेल्याचा.

तहानी : तुम्हाला लाज कशी वाटली नाही? मी दर वर्षी इथे उभी राहून तुम्हाला सांगायची, ‘काय धाडस आहे, काय गाळलंय!’ आणि तुम्ही मान हलवायचात!

बहगत : मान हलवायचो, हो. आधी म्हटलं, खप थांबेल. मग म्हटलं, पोरगी किती खूश आहे. मग तू औषधांची पदवी घेऊन डॉक्टर झालीस, लोकांसमोर बोलायला लागलीस. तेव्हा कसं सांगणार? जितका उशीर होत गेला तितकं ते जड होत गेलं.

तहानी : खुद्द उस्ताझ रुश्दींना कळलं नाही?

बहगत : एकदा आले होते. भूगोल शिकवून शाळेतून तसेच आले होते, बाहीवर खडू. मी फळीमागे बसून देवाचं नाव घेत होतो. त्यांनी चौथा खंड उचलला, चाळला, तिथवर आले. थांबले. पान मागे उलटलं, पुढे उलटलं. बराच वेळ. मग प्रत विकत घेतली.

तहानी : आणि काय म्हणाले?

बहगत : म्हणाले, ‘कागद फार वाईट वापरता.’

तहानी : बस? एवढंच?

बहगत : एवढंच. पुन्हा आले नाहीत.

तहानी : ती सोळा पानं कुठेयत?

बहगत : बरीच गेली. खळीच्या डब्याखाली अंथरायला, पुस्तकं गुंडाळायला. खरं सांगू? तुलाही दोन-तीनदा त्यातच गुंडाळून दिलंय. तू इथेच उभी राहून कागद टराटरा फाडायचीस आणि त्या टोपलीत टाकायचीस. मी बघत असायचो.

तहानी : या माणसाला मी रक्तदाबाच्या गोळ्या फुकट देते!

बहगत : एक फर्मा मी ठेवलाय. ड्रॉवरमध्ये, सर्वांत खाली. घे. आधी वाच, मग काय ते बोल.

(तहानी खोक्यावर बसते. फर्म्याची वरची घडी कापलेली नाही, म्हणून बहगत हाडाची पट्टी पुढे करतो. ती घेते, पण त्याच्याकडे बघत नाही. नबी दानियाल रस्त्यावरून माणसं जात राहतात. ती पहिली चार पानं भराभर वाचते, मग कपाळावर आठ्या घालून सावकाश. आपल्याला रडू येईल अशी तिला भीती होती. ते येत नाही, आणि त्यामुळे तिचा संताप वाढत जातो.)

तहानी : हे भयंकर आहे.

बहगत : मी कुठे काय म्हटलं?

तहानी : नाही, हे खरोखर भयंकर आहे! छातीतून भाला आरपार गेलाय आणि बाई सहा पानं बोलतेय. सहा! ‘सर्हान, माझ्या खाऱ्या चंद्रा!’ वहीबा असं बोलेल? पहिल्या खंडात जी त्याला म्हणते, ‘तू होडी बांधतोस तशी गाठ माझ्या भाकरीच्या फडक्याला मारू नकोस, सुटत नाही’, ती बाई? आणि इथे बघा, वीज पडतेय. समुद्र लाल होतोय. खिडकीत येऊन एक पक्षी रडतोय. पक्षी, अम्म बहगत! हा नक्की त्या उडत्या जनावराचा नातेवाईक.

बहगत : मला पण पक्षी जास्त वाटला.

तहानी : माणूस मरताना असं बोलत नाही. माझी आई गेली तेव्हा मी जवळ होते. चार दिवस होते. ती काही म्हणाली नाही. पाणी मागितलं, आणि पंखा बंद कर म्हणाली, बस. म्हणून तर मला ती कोरी जागा... जाऊ दे. माझं म्हणणं तेच आहे. हे प्रकरण नसलेलं पुस्तक थोर आहे. हे असलेलं पुस्तक साधारण आहे.

बहगत : म्हणजे मी बरं केलं?

तहानी : तुम्ही गप्प बसा. तुम्ही चुकून बरं केलंत आणि जाणूनबुजून वाईट केलंत. आणि उद्या हे छापलं जाणार! माझी प्रस्तावना म्हणणार, लेखकानं मरण दाखवलं नाही. आणि पुस्तक उलटलं की सोळा पानं ही बया मरतेय, पक्ष्यासकट. माझं नाव, माझी पदवी, आणि खाली हे. मी वीस वर्षं ज्याला लेखकाची हिंमत म्हणत होते ती तुमच्या मेहुणीच्या सासरच्यांची खुर्ची निघाली!

बहगत : शेवटची दोन पानं वाचलीस?

तहानी : राहिलीत. आणखी किती पक्षी येणार आहेत?

बहगत : वाच की.

तहानी : ‘ती गप्प झाल्यावर सर्हान उठला. तिच्या पायांतल्या ओल्या चपला त्याने काढल्या, चिखल पुसला आणि चुलीजवळ नीट जोडून ठेवल्या, सकाळपर्यंत वाळाव्यात म्हणून.’

बहगत : ते मात्र चांगलं आहे.

तहानी : चपला.

बहगत : हो. सहाव्या खंडात त्याच्या होडीत त्या...

तहानी : सहाव्या खंडात त्याच्या होडीत बाईच्या चपलांचा जोड आहे, तो का आहे हे कुठेच सांगितलेलं नाही, आणि त्या जोडावर मी अडीच पानं लिहिलीत! देश गमावलेल्या सगळ्या माणसांची ती खूण आहे, असं. मंडळात वाचून दाखवलंय. टाळ्या पडल्यात. त्या नुसत्या तिच्या चपला आहेत. तो त्या बरोबर घेऊन फिरतोय.

बहगत : टाळ्या पडल्या ना, मग झालं.

तहानी : अम्म बहगत, हातेमनं चपलाच म्हटलं होतं.

बहगत : कोण हातेम?

तहानी : कोण हातेम काय? माझा भाऊ! तीन वर्षांपूर्वी, त्याच्याच घरी, त्याचे सासू-सासरे जेवायला आलेले. मी चौथ्या खंडाचं हेच सांगत होते. तो म्हणाला, ‘नाही तहानी, आहे ते प्रकरण. तो तिच्या चपला चुलीपाशी ठेवतो. मी कुवेतमध्ये वाचलंय.’ मी सगळ्यांदेखत म्हटलं, ‘हा लहानपणापासून असाच आहे, न वाचलेली पानंसुद्धा मनानं रचतो. याचं काही खरं मानू नका.’ सासरा हसला. हातेम ताटावरून उठला. तेव्हापासून आमचं बोलणं ईदपुरतं.

बहगत : डॉक्टर, आता आणखी एक आहे.

तहानी : अजून? पलंगाखाली अजून काय आहे?

बहगत : तो इथे आला होता. त्या जेवणानंतर. तुझा भाऊ आहे हे त्यानं सांगितलं म्हणून कळलं, तो मघाशी नावानं लक्षात नाही आला. इथेच उभा राहिला. म्हणाला, ‘काका, तुम्ही ही पुस्तकं बांधलीत. यात वहीबा मरते ते प्रकरण आहे का?’

तहानी : आणि तुम्ही?

बहगत : दुकानात गिऱ्हाईक होतं. मी म्हटलं, नाही बाळा. असलं काही नाही.

तहानी : बाळा म्हणालात.

बहगत : म्हणालो. त्यानं दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला आणि गेला. तेव्हापासून हा फर्मा ड्रॉवरमध्ये ठेवलाय, टाकवत नाही. आज तू ते आकड्यांचं वाचलंस तेव्हा म्हटलं, आता हिलाही छापील खोटं ठरवायचं का मी.

तहानी : फोन द्या.

बहगत : तुझा तुझ्या हातात आहे.

तहानी : माझा नंबर बघून तो उचलणार नाही. तुमचा द्या. आणि आवाज मोठा करा, तुम्हीही ऐका. ऐकायलाच हवं तुम्हाला.

बहगत : घे. लाव नंबर. वाजतोय.

हातेम : कोण बोलतंय?

तहानी : हातेम, मी तहानी.

हातेम : ईद तर झाली.

तहानी : टोमणे नंतर मार. ऐक. तेरावा फर्मा आहे.

हातेम : काय आहे?

तहानी : वहीबाचं मरण. सोळा पानं. माझ्या हातात आहेत. आमच्या सगळ्या प्रतींत ती नव्हतीच. अम्म बहगतच्या जुळणीत गळली आणि यांनी वीस वर्षं लपवली. तुझ्याशी पण खोटं बोलले. इथेच बसलेत. मान खाली घालून.

हातेम : थांब. चपला आहेत त्यात?

तहानी : आहेत. चुलीजवळ. चिखल पुसून.

हातेम : जरा खाली बसतो.

तहानी : हातेम? आहेस ना?

हातेम : आहे. तुला माहितीय, तो म्हातारा नाही म्हणाल्यावर मला वाटायला लागलं की मीच ते रचलं. माझा बैरूतचा खंड तिथेच कामगारांच्या खोलीत राहिला, कुणाकडे बघणार? बायकोला म्हटलं, तहानी बरोबर असेल, मी तापात वाचलं असेल.

तहानी : सासऱ्याला मी स्वतः फोन करते. आज करते.

हातेम : त्याला आठवतही नसेल. तू वाचलंस ना आता? कसं वाटलं?

तहानी : खरं सांगू?

हातेम : तू दुसरं काही सांगशील अशी आशा नाहीच आहे, ताईसाहेब, अब्ला तहानी.

तहानी : भयंकर लिहिलंय. ‘माझ्या खाऱ्या चंद्रा!’ तुला यावर रडू आलं?

हातेम : आलं.

तहानी : त्या पक्ष्यावर?

हातेम : पक्षी वाईट आहे, मला काय कळत नाही? मी फक्त एसी दुरुस्त करतो म्हणून मला वाक्य कळत नाही असं नाही. तो खंड मी कधी वाचला, विचार.

तहानी : कधी?

हातेम : त्या मार्चमध्ये. पासपोर्ट कंपनीकडे, रजा मिळेना. तू फोनवर म्हणालीस, अम्मा गेली, शांतपणे गेली, काही बोलली नाही. नंतर फोन ठेवलास, तुला माणसं बघायची होती. खोलीत आठ जण झोपलेले. मी टॉर्च लावून ते प्रकरण वाचलं. तुझ्याकडे चार दिवस होते तहानी. माझ्याकडे सोळा पानं होती. ती बाई जितका वेळ बोलत होती तितकं मला बरं वाटत होतं. मी म्हणत होतो, बोल, अजून बोल.

तहानी : हे तू तेव्हा जेवताना का नाही सांगितलंस?

हातेम : सासऱ्यासमोर? कबुतर खाता खाता?

तहानी : मला सांगायचं होतंस. स्वयंपाकघरात ओढून.

हातेम : तू बोलू दिलं असतंस?

तहानी : नसतं.

हातेम : मग झालं तर.

तहानी : ती काही बोलली नाही म्हणाले मी तुला, ते पूर्ण खरं नाही. तिनं पंखा बंद करायला सांगितलं. म्हणाली, ‘हातेमला थंडी वाजेल.’ तू जवळच झोपलायस असं तिला वाटत होतं. मला ते फोनवर सांगवलं नाही. मी गाळलं.

हातेम : गाळलंस.

तहानी : हो.

हातेम : बरं केलंस तेव्हा. तेव्हा नसतं झेपलं.

तहानी : शुक्रवारी जेवायला ये. बायकोला आण. मासे करते.

हातेम : येतो. तुझी ती प्रत काढून ठेव. ते प्रकरण नसलेली. मला एकदा तशी वाचायचीय, इतकी वर्षं तू कशाबद्दल भांडत होतीस ते बघू तरी.

तहानी : ठेवते.

हातेम : आणि तो म्हातारा ऐकत असेल तर त्याला सांग, ‘बाळा’ म्हणून खोटं बोलू नये. नुसतं खोटं बोललं असतं तर चाललं असतं.

बहगत : ऐकलं रे. माफ कर.

हातेम : शुक्रवारनंतर बघू. ठेवतो.

बहगत : ठेवला त्यानं. डॉक्टर, पाणी देऊ?

तहानी : पेन द्या. माझं संपलंय. आणि तो पुठ्ठा द्या खाली धरायला. किती वाजले?

बहगत : साडेचार. काय करतेस? सगळं खोडतेस?

तहानी : आकड्यांचं खोडते. अडीच पानं चपलांची खोडते. तुमचं घालते.

बहगत : माझं काय?

तहानी : टेबल, खुर्ची, मेहुणी, पलंग. सगळं. ‘या शहरानं चौथा खंड वीस वर्षं सोळा पानं कमी असलेला वाचला आणि मला तोच जास्त आवडतो. ज्याला पहिल्यांदा वाचायचं असेल त्यानं एकशे ब्याण्णवनंतर थेट दोनशे नऊवर जावं. मग कधीतरी, गरज लागेल तेव्हा, मागे यावं.’

बहगत : माझं नाव घालू नकोस! चोरून छापलेलं आहे, पोरी. उस्ताझच्या बायकोनं तक्रार केली म्हणजे?

तहानी : नाव घालणारच. उस्ताझ रुश्दींना चांगला संपादक मिळाला नाही, असं मी जन्मभर म्हणत आले. मिळाला होता. तुमच्या खुर्चीवर बसला होता.

बहगत : मग निदान तुझ्या नावाच्या बाजूला छापू नकोस. खाली कुठेतरी, बारीक.

तहानी : फर्म्याचा आकडा असतो तसं?

बहगत : तसं. कुणी बघत नाही तिथे. बरं, ती तुझी जुनी प्रत पिशवीत आहे ना? दे इकडे. तू लिहीपर्यंत हा फर्मा तिच्यात शिवून देतो. सुई-दोरा तयार आहे.

तहानी : शिवू नका.

बहगत : मग परत ड्रॉवरमध्ये?

तहानी : नाही. नुसता आत ठेवा, जागेवर. तो आत ठेवून वाचायचं की काढून, ते शुक्रवारी हातेमचं हातेम ठरवेल.